पायरीवरची चप्पल

भूतखेत, अंगात येणं, देवऋषी... असल्या कशावर माझा कधीच विश्वास नव्हता. मी कापडाच्या धंद्यातला माणूस. हातात घेऊन चोळून बघितल्याशिवाय मी रुमालसुद्धा घेत नाही. तरी हे लिहितोय. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

आमचं गाव उमरी, जिल्हा नांदेड. बाजाराच्या टोकाला, कडुलिंबासमोर डॉक्टरसाहेबांचा दवाखाना. त्यांनी उभी हयात तिथंच काढली. तोंडानं फटकळ. "तंबाखू सोडायची नसेल तर मरायला दुसरीकडं जा," म्हणायचे, आणि संध्याकाळी त्याच माणसाच्या घरी जाऊन नाडी बघायचे.

त्यांच्याकडे नंबर लागायचा तो चपलेचा. आल्यावर रांगेत चप्पल काढायची आणि लिंबाच्या पारावर बसायचं. डॉक्टर मधूनच बाहेर येऊन सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघायचे. कुणाचं लक्षण बरं दिसलं नाही की विचारायचे, "तुझी चप्पल कोणती?" मग स्वतःच्या हातानं ती उचलून दारापुढच्या पायरीवर ठेवायचे, टोकं आत करून. रांगेतलं कुणी चकार शब्द काढत नसे. चप्पल पायरीवर गेली म्हणजे दुखणं मोठं, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं. माझ्या बायकोची एकदा उचलली होती. "आप्पा, आत्ताच्या आत्ता नांदेड गाठा," म्हणाले. त्यानंतर ती कितीतरी वर्षं माझ्याशी भांडायला शिल्लक राहिली.

आता ती नाही. डॉक्टरही गेले. दवाखान्याला कुलूप आहे. मुलगा पुण्याला असतो, रोज फोन करतो. मी "ठणठणीत आहे" म्हणतो. फोन ठेवला की घरात माझाच खोकला तेवढा ऐकू येतो.

गेल्या उन्हाळ्यात खांदा भरून यायचा, छातीत जड वाटायचं. गॅस असेल म्हणून ओवा चावत होतो. कुणाला सांगणार? दुपारी घर खायला उठलं की मी त्या पारावर जाऊन बसायचो. समोर रशीदचं हॉटेल आहे, तेवढीच जाग. त्या दिवशी काय मनात आलं कोण जाणे... जिथं रांग लागायची तिथं चप्पल काढली आणि स्वतःशीच म्हणालो, आप्पा, लागला तुमचा नंबर. मग पारावर बसून खोडाला टेकलो आणि डोळा लागला.

जागा झालो आणि पाय खाली सोडले, तर रांगेच्या जागी चप्पल नव्हती.

इकडं तिकडं पाहिलं. कुलूप लावलेल्या दारापुढं, पायरीवर होती. दोन्ही शेजारी शेजारी — टोकं आत.

मला रागच आला. "रशीद, म्हाताऱ्याची थट्टा करतो काय रे?"

"म्या कशाला करू आप्पा? म्या तर कवाधरनं भजे तळून राहिलो."

"मग कोण आलतं इथं?"

"कोणीच न्हाई. असल्या उन्हात कुत्रं बी फिरकंना."

एवढं बोलून तो पुढं आला आणि त्याला पायरी दिसली. त्याच्या बापाचीही चप्पल तिथं गेलेली होती. त्यानं कढईखालचा गॅस बंद केला.

"आप्पा, उठा. नांदेडला जाऊ."

"अरे, गॅस आहे नुसता..."

"असंल. तरी बी चला."

भजी तशीच तेलात टाकून तो मला ऑटोत घालून घेऊन गेला. हृदयाची मोठी रक्तवाहिनी जवळजवळ बंद झालेली निघाली. रात्रीपर्यंत स्प्रिंग बसवली होती.

मुलगा म्हणतो, तुम्हीच झोपेत ठेवली असेल. असेल बाबा. पण माझे गुडघे असे आहेत की जागेपणीसुद्धा कशाला तरी धरल्याशिवाय मला खाली वाकता येत नाही. रशीदला विचारलं तर तो नुसता आभाळाकडं बोट दाखवतो. मला अजूनही याचा उलगडा झालेला नाही.

आता तब्येत चांगली आहे. तरी रोज दुपारी मी तिथं जातो. चप्पल रांगेच्या जागी काढतो, पारावर बसतो, डोळे मिटतो. उघडतो तेव्हा ती जिथल्या तिथं असते. रशीद लांबूनच बघतो, हसतो आणि चहा पाठवतो.

हलली नाही म्हणजे मी बरा आहे. एवढं कळतं मला. तरीही रोज, चप्पल पायात घालताना, वाईट वाटतं.