सतरा घागरी गैरहजर

नवा जिल्हा झाला तेव्हा सगळ्यांत आधी आले ते रबरी शिक्के. कार्यालयाला धड छप्पर नव्हतं, एका टेबलाच्या चौथ्या पायाच्या जागी विटा होत्या, पण शिक्क्यावर नव्या जिल्ह्याचं नाव होतं आणि दिसेल त्या कागदावर आम्ही ते हौसेनं उमटवत होतो. मी नांदेडचा. नगररचनेची पदवी नुकतीच घेतलेली. लातूर वेगळं झालं आणि तिथं माझी निवड झाली, असं मी नातेवाइकांना सांगत असे. तिकडं जायला दुसरं कुणी तयार नव्हतं, एवढा भाग वगळत असे. वडिलांना माझं शिक्षणच पटलेलं नव्हतं. "गावं तर पहिल्यापासूनच हायत," ते म्हणाले, "तू आता काय रचून राहिलास?"

माझ्या वाट्याला आलं ते लातूरपासून बसनं दीड तासावरचं एक तालुक्याचं गाव. त्याचं नाव सांगत नाही. दोष गावाचा नाही, माझा आहे. त्या गावाचा पुढच्या वीस वर्षांचा आराखडा करायचा होता, आणि गावाला चिंता होती पुढच्या वीस दिवसांची. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला होता, नळ नावापुरते उरले होते, आणि मी लातूरला पंख्याखाली बसून नकाशात बागा रंगवत होतो. हिरव्या रंगाची बाटली सगळ्यांत आधी संपली.

आराखड्याचा कणा होता साठ फुटी रस्ता. बसस्टँडपासून नव्या तहसील कचेरीपर्यंत, एकदम सरळ. पट्टी ठेवून अशी रेघ ओढण्यात काय सुख आहे, ते आमच्या धंद्यातल्या माणसालाच कळेल. त्या रेघेखाली एक आड आला. गल्लीतली अरुंद, खोल, दगडी काठाची जुनी विहीर. तेव्हा जागेवर जाऊन पाहणी करणं भाग पडलं.

मी भर दुपारी पोचलो. आडात डोकावलो तर तळाशी ओल तेवढी चमकत होती. काठापासून गल्लीच्या तोंडापर्यंत घागरींची रांग लागली होती. तांब्याच्या, पितळेच्या, मधूनच एखादा पत्र्याचा डबा. माणूस एकही नव्हतं. माझ्याकडच्या फॉर्मवर रकाना होता, 'पाहणीच्या वेळी आढळलेले वापरकर्ते'. मी इमानदारीत चारी दिशांना मान वळवून पाहिलं. समोरच्या किराणा दुकानाच्या पायरीवर एक बाई बसली होती, पण ती पाणी भरत नव्हती. मी शून्य लिहिलं. पुढं 'आड वापरात नाही' असं लिहिलं, आणि अक्षर सुरेख आलं म्हणून मनाशी खूशही झालो.

त्या बाईनं मला हटकलं. दुकान तिचंच होतं. वय तिशीचं, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी, आणि आवाज असा की गल्लीच्या दुसऱ्या टोकाला उधारीची आठवण व्हावी.

"साहेब, काय लिहून राहिलाव?"

"पाहणी करतोय. आड बंद दिसतो."

"बंद कशानं? झरा बारीक हाय. दिवसभर थोडं थोडं देतो, पर गोड देतो." तिनं रांगेकडं हात केला. "आन् ही एवढी माणसं हुबी हायत, ती दिसंनात व्हय तुमाला?"

मग तिनं मला समजावून सांगितलं. पाणी तासातासानं झिरपायचं, तोवर उन्हात कोण उभं राहणार? म्हणून घागर रांगेत ठेवायची. घागर ठेवली म्हणजे तुम्ही उभ्या. मग खुशाल रोजगार हमीवर खडी फोडायला जा, नाहीतर बाळंत व्हा. तुमच्या घागरीला कुणी हात लावणार नाही आणि तिच्यापुढं कुणी घुसणार नाही. पाळी आली की दुकानदारीण निरोप धाडायची. कुणाची घागर कुठली हा प्रश्नच नव्हता, कारण भांडं घेतलं की त्यावर ठोकून नाव घालून घ्यायचं ही आपली जुनी सवय. मी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि शून्य तसंच ठेवलं. फॉर्मवर घागरींसाठी रकाना नव्हता.

आराखडा प्रसिद्ध झाला. लोकांना हरकत घ्यायचा हक्क असतो, तो आम्ही मोठ्या मनानं दिला. त्या गल्लीतून सतरा हरकती आल्या, सतरा बायकांच्या. अक्षर एकाच हाताचं, त्या दुकानदारणीचं, आणि मजकूरही एकच. आमचा आड चालू आहे, तो बुजवू नये, रस्ता थोडा वळवावा. नियमाप्रमाणे सतरा जणींना सुनावणीच्या नोटिसा गेल्या. शाळेच्या हॉलमध्ये सकाळी अकरा वाजता 'स्वतः अथवा प्रतिनिधीमार्फत' हजर राहावे. ती नोटीस मीच लिहिली होती.

नेमकी आदल्या संध्याकाळी दवंडी फिरली की उद्या अकराला टँकर येणार. बऱ्याच दिवसांनी येणार होता. टँकरला आडाचे नियम लागू नव्हते. तिथं रांग चालत नसे, जो पुढं घुसेल त्याचं पाणी. म्हणजे त्या बायकांना एकाच वेळी दोन ठिकाणी उभं राहायचं होतं. त्यांना त्यात काही अवघड वाटलं नसावं. रोज त्या तेच करत होत्या.

सुनावणीच्या दिवशी मी लवकर पोचलो तर शाळेच्या व्हरांड्यात, हॉलच्या दारापासून भिंतीच्या कडेनं, सतरा घागरी ओळीनं मांडलेल्या. राखेनं घासून लख्ख केलेल्या, आपण लग्नाला जाताना करतो तशा. मी वाकून पहिल्या घागरीवरचं नाव वाचलं. हातातली यादी पाहिली. तेच नाव पहिलं होतं. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. नोटिशीच्या अनुक्रमांकाप्रमाणे लावल्या होत्या सगळ्या. शेवटची त्या दुकानदारणीची होती. इतकी शिस्तीत भरलेली सुनावणी मी पुढं कधी पाहिली नाही.

तेवढ्यात आमच्या वरिष्ठ साहेबांची जीप आली. साहेब व्हरांड्यात थबकले. "हे काय आहे?"

मला सगळं ठाऊक होतं. सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण नोकरी कच्ची होती आणि साहेबांच्या कपाळावर आठी होती. नगररचनेची पदवी घेतलेल्या माणसानं घागरींची बाजू मांडायची म्हणजे हसं होणार, याची मला भीती वाटली. मी म्हणालो, "पाण्याच्या असतील, सर."

शिपायानं घागरी उचलून शाळेमागं लिंबाखाली नेऊन ठेवल्या. मग त्यानं दारात उभं राहून एकेक नाव तीन तीनदा पुकारलं. रिकाम्या व्हरांड्यातून कोण ओ देणार? मी वहीत लिहीत गेलो. अर्जदार गैरहजर, हरकत फेटाळली. सतरा वेळा लिहिलं, एकदाही खाडाखोड नाही. साहेब म्हणाले, "गावाचं सहकार्य चांगलं आहे." अर्ध्या तासात आम्ही मोकळे झालो.

दुपारी बायका आल्या, टँकरच्या झोंबाझोंबीत लुगडी भिजलेली. दुकानदारणीनं घागरी लिंबाखाली पाहिल्या आणि थेट माझ्याकडं आली. "आमची नावं पुकारली का?"

"पुकारली," मी म्हणालो. "निकाल कळवला जाईल."

दोन्ही वाक्यं खरी होती. मला लाज वाटली. पण तेवढ्या लाजेनं माझी बस चुकली नाही. पुढच्या पावसाच्या आधी आड मुरूम टाकून बुजवला आणि त्यावरून साठ फुटी रस्ता सरळ गेला.

तो आराखडा अर्जाला जोडला आणि मला परदेशी शिष्यवृत्ती मिळाली. त्यानंतर मी एका मोठ्या परदेशी संस्थेत लागलो. काम गरीब देशांतल्या वस्त्यांचा विकास, आणि विषय लोकसहभाग. लोकसहभाग म्हणजे काय, हे मी तीन खंडांत समजावून सांगितलं आहे, बहुतेक वेळा गार खोलीत. नांदेडला सुट्टीवर गेलो की वडील शेजाऱ्यांना सांगत, "आमचा पोरगा लोकांना त्यांचंच गाव दाखवून राहिलाय." ते कौतुक होतं की कसं, मी विचारलं नाही.

युगांडातल्या एका वस्तीत हातपंप पाहायला गेलो होतो. बरोबर एक तरुण परदेशी सहकारी होती. पंपाशी दोघीच बायका होत्या आणि मागं पिवळ्या प्लॅस्टिकच्या कॅनची लांबलचक रांग. तिनं वहीत 'दोन' लिहिलं. मी न राहवून म्हणालो, "कॅन मोज." तिनं मोजले, मग एका बाईला विचारलं. कॅन म्हणजेच माणूस, हे ऐकून तिचे डोळे चमकले. अहवालात ते आलं, मग पुस्तिकेत आलं, मग प्रशिक्षणात आलं. वस्तू मोजून हजेरी धरायची ही पद्धत माझ्या नावावर चढली. भाषणात मी सांगायचो, हे मी माझ्या भागातल्या एका गावी शिकलो. टाळ्या पडायच्या. शिकल्यावर काय लिहिलं, ते मी कधी सांगितलं नाही.

निवृत्त होऊन नांदेडला परतलो. पुन्हा एकदा दुष्काळ पडला आणि लातूरला पाण्यावर व्याख्यान द्यायचं आमंत्रण आलं. वाट थोडी वाकडी करून त्या गावावरून गेलो. मुद्दाम गेलो की नाही, हे विचारू नका. साठ फुटी रस्त्यावर गाडी थांबली, कारण भर रस्त्यात भांड्यांची रांग होती. आता प्लॅस्टिकची पिंपं, रंगानं नावं लिहिलेली, मधूनच एखादी तांब्याची घागर. टँकर यायचा होता; आता त्यालाही रांग चालत होती. रांगेशी पाच-सहा बायका गप्पा मारत उभ्या होत्या. रांगेचं तोंड बरोबर तिथं होतं जिथं आड होता.

"गाडी मागं घ्या," दुकानाच्या पायरीवरून आवाज आला. "माणसं हुबी हायत."

केस पांढरे झाले होते. डबी तीच. मी खाली उतरलो आणि म्हणालो, "मावशी, आराखड्याच्या वेळी शाळेत सुनावणी झाली होती. मी लिहून घेत होतो."

ती पायरीवरून उठली. मला वाटलं शिव्या देईल. मी त्याचीच तयारी करून आलो होतो, आणि खरं सांगायचं तर एक चांगलं वाक्यही जुळवून ठेवलं होतं.

"मला एक सांगा," ती म्हणाली. "आमी घागरी ठिवल्या व्हत्या का न्हाई? नावं पुकारायच्या आधी?"

मला प्रश्नच कळला नाही. तेव्हा तिनं सांगितलं. घागरी धाडायची युक्ती तिची. निकालाचा कागद आला तेव्हा अख्खी गल्ली तिच्यावर उलटली. हिनं आपल्याला सुनावणीला जाऊ दिलं न्हाई, हिच्यापायी आड गेला. घागरी वेळेत ठेवल्याच नसतील, नाहीतर साहेबाला दिसल्या असत्या, असं तिची सख्खी जाऊ अजून म्हणते. त्या दिवसापासून आजपर्यंत तिला हेच ऐकावं लागत होतं. मला वाटत होतं त्या गावात दोषी मी आहे. तिथं मला कुणी धरलंच नव्हतं. माझा दोष ती एकटी वाहत होती.

"होत्या," मी म्हणालो. "सतराच्या सतरा. नंबराप्रमाणे. मी नावं वाचली होती."

"मोठ्यानं बोला. जावेला आयकू कमी येतं."

रांगेतल्या बायकांमध्ये एक म्हातारी काठी टेकून उभी होती. मी मोठ्यानं बोललो. तीन खंडांत भाषणं केली, पण आवाज फुटायला इतकं जड कधी गेलं नव्हतं. घागरी होत्या, मला दिसल्या होत्या, मी गप्प बसलो. म्हातारीनं ऐकलं आणि तोंड फिरवलं.

दुकानदारीण आत गेली आणि बिलाच्या पुस्तकातला एक कोरा कागद घेऊन आली. "आता लिहून द्या," ती म्हणाली. "तोंडी कोन धरतंय?"

मी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि लिहिलं, 'सुनावणीच्या दिवशी सतराही अर्जदार हजर होते.' खाली सही केली. तिनं तो कागद नीट वाचला, तारीख राहिली म्हणून परत दिला, मी तारीख घातली. मग ती कागद घेऊन जावेकडं गेली. टँकरचा हॉर्न ऐकू आला तशी ड्रायव्हरनं गाडी मागं घेतली.