बाबा, ऑपरेशन, खलास

निरोप तीन शब्दांचा होता आणि तो घेऊन आला आमच्या कंपनीचा सुदानी वॉचमन. गुरुवारची दुपार, ऑफिस बंद झालेलं, मी वर्कशॉपमध्ये एका एसीचं पोट उघडून बसलो होतो. तो दारातूनच म्हणाला, "इंडिया टेलिफोन. युवर ब्रदर. बाबा, ऑपरेशन, खलास."

मी "शुक्रन" म्हटलं आणि पुन्हा स्क्रू फिरवायला लागलो. कतारमध्ये येऊन मला तेव्हा काही वर्षं झाली होती, आणि तिथं उठता-बसता हा शब्द कानावर पडायचा. काम झालं, खलास. जेवण झालं, खलास. म्हटलं, चला, आण्णांचं ऑपरेशन उरकलं. आण्णा म्हणजे माझे वडील. त्यांच्या पोटात गाठ निघाली होती आणि त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात नेणार असल्याचं भावानं कळवलं होतं. मग एकदम हात थांबला. आमच्या साताऱ्याकडं माणूस खलास झाला म्हणजे काय झाला, हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

मी वॉचमनमागं पळालो. "गुड खलास की बॅड खलास?" असलं काहीतरी विचारलं. तो बिचारा गोंधळला. "लाइन नो गुड. बाबा, ऑपरेशन, खलास. फिनिश." म्हटलं, फिनिश काय? ऑपरेशन फिनिश का बाबा फिनिश? त्यानं दोन्ही हात पसरले. "माफी मालूम." म्हणजे, ठाऊक नाही.

टेलिफोन ऑफिसात गेलो तर भारताच्या लाइनीसाठी ही गर्दी. गावात फोन एकाच घरी, आमच्या शेजारच्या काकूंकडं, आणि तोही ट्रंक कॉलनं लागायचा. कॉल मिळणार शुक्रवारी संध्याकाळी. खोलीवर येऊन गादीवर पडलो. रडू येईल म्हणून वाट बघितली, आलं नाही. आनंदही होईना. थंडीत सायकल मारल्यावर बोटं होतात तसं आतून झालं होतं, आपलीच पण आपली नाहीत अशी.

शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, आमचं फोटोच्या शोधाला जायचं आधीच ठरलेलं होतं. इंडियन लोकांच्या क्लबानं हिवाळ्यात हा खेळ काढला होता. एका कागदावर इंग्रजीत कोडी द्यायची, ती सोडवून देशभरातली ठिकाणं शोधायची, प्रत्येक ठिकाणी टीमचा फोटो काढायचा आणि दुसऱ्या दिवशी रोल जमा करायचा. आमच्या टीममध्ये आम्ही तिघं. अकाउंट्समधला वसईकर, कॅमेरा त्याचा आणि हौसही त्याचीच. पिकअप चालवणारा माझा खोलीतला सोबती, कराडकडचा, त्याला आम्ही सगळे पाव्हणा म्हणायचो. आणि मी. निरोपाचं फक्त पाव्हण्याला ठाऊक होतं. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे, नगं जायला." मी म्हटलं, "मग काय करू? संध्याकाळपर्यंत भिंत बघत बसू? यल्ला, काढ गाडी."

पहिलं कोडं होतं, हात आहेत पण काही धरत नाही. वसईकर विचारात पडला. पाव्हणा म्हणाला, "आमचा फोरमन." निघाला मोठ्या मशिदीजवळचा घड्याळाचा टॉवर. तिथं दोघांनी माझे खांदे धरले आणि एका पाकिस्तानी झाडूवाल्यानं आमचा फोटो काढला. वसईकर ओरडला, "अरे, स्माईल कर ना जरा! सासरी आलास का?" मी दात दाखवले. तो फोटो पुढं मी पाहिला. त्यात हसतोय तो माणूस मीच आहे, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

मग उम्म सलालचे जुने बुरूज, मग अल खोरची होडकी. तिकडचा हिवाळा कोरडा आणि वाऱ्याचा. पिकअपची एक काच वर जात नव्हती, तिथं पाव्हण्यानं टॉवेल कोंबला होता. दोन्ही बाजूंना सपाट, खडकाळ, पिवळट जमीन, बघून बघून डोळ्यांना काही दिसेनासं व्हायचं. मला ते बरं वाटलं, खरं सांगतो. झाडं, विहिरी, शेतं असती तर आण्णा आठवले असते. इथं आठवायलाच काही नव्हतं.

अल खोरच्या पुढं रस्त्याकडेला गाडी लावून न्याहारी सोडली. खुबूस म्हणजे तिकडची रोटी, उकडलेली अंडी, थर्मासमधला चहा. वसईकरानं अंडं सोलून माझ्या हातात दिलं आणि मी ते तसंच धरून बसलो. सुतक असलं तर खायचं नाही. सुतक नसलं तर खायला काय हरकत? आता खाल्लं तर आण्णा आहेत, नाही खाल्लं तर गेले, असा सगळा हिशेब त्या एका अंड्यावर येऊन बसला. मी पाव्हण्याकडं पाहिलं. तो कोरडं खुबूस चहात बुडवून खात होता. त्याची दोन अंडी पिशवीत तशीच.

"तू का खाईनास?" मी विचारलं.

"पोट जड हाय जरा."

माझं टाळकंच फिरलं. "पोट जड? काल रातच्याला बोकड उठवलंस का काय? सरळ सांग की, माझा बाप मेलाय असं तुला वाटतंय!" पाव्हण्यानं पिशवीचं तोंड आवळलं. आणि वसईकराला तेव्हा कळलं. त्यानं छातीवर क्रूस काढला, कॅमेरा केसमध्ये घातला आणि म्हणाला, "परत फिरू या. खड्ड्यात गेला तो खेळ."

"कशाला?" मी म्हटलं. "फोन संध्याकाळीच लागणार."

"मग मी प्रार्थना करतो तुझ्या वडिलांसाठी."

"कुठली करतोस? बरं व्हायची, का आत्म्याला शांती मिळायची?"

तो बिलकुल रागावला नाही. थोडा विचार करून म्हणाला, "दोन्ही करतो. लागेल ती तो वरचा घेईल." आणि खरंच, तिथं वाऱ्यात डोळे मिटून उभा राहिला. मी अंडं पाव्हण्याच्या पिशवीत टाकलं आणि गाडीत जाऊन बसलो.

पुढं झुबाराचा किल्ला आला. किल्ला लहानसा, चार कोपऱ्यांना चार बुरूज, आमच्याकडच्या किल्ल्यांपुढं पोरांनी दिवाळीत केल्यासारखा. पण त्याच्या आजूबाजूला काहीच नसल्यामुळं मोठा वाटायचा. पहाऱ्यावरच्या बलुची शिपायानं फोटो काढला. वसईकर आता स्माईल म्हणाला नाही. मी भिंतीला पाठ लावून उभा होतो आणि डोक्यात एकच चाललं होतं. आण्णा गेले असतील तर जाऊन उपयोग नाही, सगळं उरकलेलं असणार. आण्णा बरे असतील तर जायची गरज नाही. म्हणजे काहीही झालं तरी मी इथंच. एवढं स्वच्छ उत्तर मिळालं आणि त्याचं मला ना बरं वाटलं ना वाईट.

येताना वसईकर खालच्या आवाजात उरलेली कोडी वाचत होता, पाव्हणा गाडी थांबवत होता, आम्ही उतरत होतो, उभे राहत होतो. रय्यानला काय बघितलं ते आज आठवतसुद्धा नाही. दिवस मावळायला टेलिफोन ऑफिसात पोचलो. दोघं बाहेर थांबले.

लाइन लागली. खरखरीतून काकूंचा आवाज आला. मी ओरडलो, "काकू, आण्णा कसे आहेत?"

"आरं, हायती की! आपरेशन झालं. सकाळी भाताची पेज घेतली. भावानं फोन केलता नव्हं तुला?"

मी "बरं" म्हणालो. एवढंच. ज्या बातमीसाठी कालपासून जीव टांगला होता ती आली, आणि माझ्या तोंडून भाजीवाल्याला म्हणावं तसं "बरं" निघालं. आत काहीच हललं नाही. मला स्वतःची भीती वाटली तेव्हा.

"आरं, ऐकतुयास नव्हं?" काकू ओरडत होत्या. "सारखं इचारत्यात, थोरला येतोय का, थोरला येतोय का. मी उद्या डबा घिऊन जाणार हाय. काय सांगू त्यास्नी?"

आणि मी सवयीनं म्हणालो, "इन्शाल्ला."

कतारमध्ये कुणी कधी नाही म्हणत नाही. पगार वाढणार का, इन्शाल्ला. नवी खोली मिळणार का, इन्शाल्ला. ऐकणाऱ्याला कळतं की विषय मिटला. पण काकूंना कुठलं कळायला?

"काय? काय म्हणलास?" खरखर. "हां, हां! येतोयस! बरं झालं बाबा. सांगते, येतोय म्हणून!"

"काकू, तसं नाही..." म्हणेपर्यंत लाइन गेली.

बाहेर येऊन म्हटलं, "आहेत." पाव्हण्यानं मला उचललंच. वसईकराचे डोळे भरून आले. मी मधे उभा, लाकडाचा.

शनिवारी सकाळी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. लेबनीज माणूस, वाईट नव्हता. मोडक्या इंग्रजीत सांगितलं की वडील आजारी आहेत, दहा दिवसांची रजा द्या, तिकीट माझं मी काढतो. त्यानं कागदावरून मान वर केली नाही. सही करत करत म्हणाला, "इन्शाल्ला. नेक्स्ट मंथ."

हा शब्द ऐकला की उठायचं असतं. मी उठलो नाही. माझ्या डोळ्यांपुढं दवाखान्यातली खाट आली, डबा उघडणाऱ्या काकू आल्या, आणि येतोय हे ऐकून उशीवरून दाराकडं वळलेलं आण्णांचं तोंड आलं.

"नो इन्शाल्ला, सर," मी म्हणालो. "माय फादर... ही थिंक आय सेड येस."

तेव्हा कुठं त्यानं मान वर केली. मी रडतोय हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यानं पेन खाली ठेवलं आणि ज्या कपाटात आम्हा सगळ्यांचे पासपोर्ट असायचे, त्याची किल्ली टेबलाच्या खणात शोधायला लागला.