अप्पांचं स्टेअरिंग नव्या ट्रकला

माझ्या वडिलांच्या हातून आयुष्यात एकच अपघात झाला, आणि तो मी केला होता.

मी नांदेडच्या आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक शिकवतो. म्हणजे दुसऱ्याच्या गाडीत काय चुकलं, ते मला फळ्यावर फार सुंदर काढता येतं. अप्पा शाळेत गेले नाहीत. पण तीस वर्षं हदगावची तूर लातूरच्या डाळमिलांना पोचवली, तीही एकाच ट्रकवर. मागच्या वर्षी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. दोन महिन्यांत हातपाय चालू लागले, डॉक्टरांनी पाठ थोपटली, पण अप्पांचा स्वतःवरचा भरवसा काही परत आला नाही. डावा हात सदऱ्याच्या खिशात घालून बाजेवर बसून राहायचे. त्याच दिवसांत ट्रकही भंगारात निघाला. इंजिन गेलं, चासी म्हणजे खालचा सांगाडाच कुजला. धड राहिलं ते फक्त स्टेअरिंग.

मी मायच्या नावावर दुसरा ट्रक घेतला, जरा अलीकडचा. अप्पांनी त्यात बसून एकदा चाक फिरवलं आणि खाली उतरले.

"एका बोटानं फिरून राहिलंय हे. रस्ता हाताला कळंना."

"पॉवर स्टेअरिंग हाय, अप्पा. सोपं जातंय."

"सोपंच करायचं तर बाज काय वाईट हाय?" मग दुसरीकडं बघत म्हणाले, "एकडाव लातूरला जाऊन यावं म्हणत होतो. हात हाय का गेला, तेवढं कळलं असतं."

लातूरला त्यांचं काहीही काम नव्हतं. मला भडभडून आलं, आणि मला भडभडून आलं की मी काहीतरी उघडतो. ठरवलं, जुन्या ट्रकचं स्टेअरिंग खांबासकट काढून नव्या चासीवर बसवायचं. (कायदा काय म्हणतो ते मला विचारू नका. मी सरकारी नोकर आहे.)

नांदेडच्या बाहेर रशीद मिस्त्रीच्या गॅरेजात काम सुरू केलं. खांब लांब पडला, कापला. आखूड झाला, जोडला. शेवटी अडला तो दांडा. स्टेअरिंग फिरवलं की हा दांडा मागंपुढं हलतो आणि चाकं वळवतो. जुन्या ट्रकमध्ये तो खाली लोंबायचा. इथं खाली सोडला की चासीच्या आडव्या पट्टीला घासायचा. मी तो काढला आणि तोंड वर करून बसवला. मोकळा, ऐसपैस!

"सर," रशीद दाढी खाजवत म्हणाला, "वर घेतला तर चाल बदलंल. जरा गौर करा."

"रशीदभाई, मी हे शिकवतो."

त्यानं पाना माझ्या हातात दिला.

खरं तर बाहेर एक चक्कर मारली असती तरी कळलं असतं. पण आमच्या घरात रिवाज आहे, नव्या गाडीला पहिला हात थोरल्याचा. म्हणून चाकं जॅकवर उचलूनच तपासणी केली. रशीद केबिनमध्ये, मी समोर ट्रककडं तोंड करून. "डावीकडं," मी ओरडलो. चाकं डावीकडं वळली. माझ्या डावीकडं! ट्रकची डावी बाजू माझ्या उजवीकडं आहे, हे पंधरा वर्षं शिकवणाऱ्या माणसाच्या डोक्यात आलं नाही. मी टाळी वाजवली.

रविवारी अप्पांना रिक्षानं आणलं. मायनं डॅशबोर्डवर बुद्धाची छोटी मूर्ती चिकटवली, सगळ्यांनी त्रिसरण म्हटलं. अप्पांनी खिशातून डावा हात काढला आणि ते जुनं, झिजलेलं चाक दोन्ही हातांनी धरलं. त्या आजारानंतर पहिल्यांदाच ते हसले. गाडी निघाली.

फाटकातून डावीकडं वळायचं होतं. ट्रक उजवीकडं निघाला.

"अप्पा, डावीकडं!"

"डावीकडंच घेतोय की!"

"अजून घ्या!"

त्यांनी अजून घेतलं. ट्रक अजून उजवीकडं गेला, टायरांच्या ढिगावर चढला आणि रशीदच्या पत्र्याच्या शेडमध्ये तोंड खुपसून थांबला. कुणाला काही लागलं नाही. चार माणसं जमली, आणि त्यांच्यासमोर मी म्हणालो, "वय झालंय त्यांचं."

अप्पांनी ते ऐकलं. खाली उतरून किल्ली माझ्या हातात दिली आणि मायला म्हणाले, "चल सुभद्रे. डावं-उजवं कळंना झालंय मला." डावा हात पुन्हा खिशात गेला.

ते गेल्यावर रशीदनं ट्रक मागं घेतला आणि पाचच मिनिटांत खाली उतरला. "सर, ही गाडी उलटी वळून राहिली. दांडा तुम्ही उलटा लावलाय."

मी तसाच घरी पळालो. "अप्पा, तुमची चूक न्हाई. माझी हाय. मीच उलटं बसवलं."

ते माझ्याकडं फार मायेनं बघत राहिले. "तू सर हाईस. तू उलटं बसवतोस व्हय?" मग माझी पाठ थोपटून म्हणाले, "असू दे. चांगलं बोललास."

आडवी पट्टी बदलून, दांडा खाली सोडून आठ दिवसांनी मी ट्रक दाराशी आणला. माय म्हणाली, "बसा की एकडाव." ते बसले नाहीत. रशीद येऊन सांगून गेला, तर म्हणाले, ह्यानंच शिकवून पाठवलंय. पावसाळ्याआधी एका पहाटे अप्पा झोपेतच गेले.

गावाकडं नेताना माय म्हणाली, "ह्याच गाडीतून न्या." ती मागं हौद्यात त्यांच्याजवळ बसली, रशीद माझ्या शेजारी. हदगावच्या अलीकडं आमच्या गावचा फाटा येतो. मी चाक डावीकडं फिरवलं. ट्रक डावीकडं वळला, अगदी बरोबर, आणि रस्ता हाताला कळत होता. मला राहवलं नाही. मी मागच्या जाळीकडं मान वळवून म्हणालो, "अप्पा, बघा, डावीकडं गेली."

रशीदनं हळूच माझा हात धरला आणि चाक सरळ केलं.

"सर," तो म्हणाला, "समोर बघा. ठोकली तर आळ पुन्हा त्यांच्यावर यायचा."