गोदामावशीचा सांगावा

बांगडी फुटली असं गोदामावशीसमोर कुणी म्हटलं की ती कानाला हात लावायची. "फुटतं ते नशीब, बाई. बांगडी वाढते!" कासाराच्या घरात आम्ही सगळ्याच 'वाढली' म्हणतो, त्यात नवल नाही. पण मावशीनं साऱ्या दुनियेलाच ती सवय लावायचा चंग बांधला होता. दिवा 'शांत' करायचा, सापाला 'लांबडं' म्हणायचं, 'जाते' तर चुकूनही म्हणायचं नाही. एकदा मी 'तांदूळ संपले' म्हणाले, तर केवढी ओरडली! "संपले काय गं? वाढले म्हण! तुझ्या जिभेला हाड न्हाई का?"

माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, आणि मावशी लहानपणच्या मैत्रिणी. आत्याबाई जुन्या जालन्यात दिल्या, मावशी केदारखेड्याला. आम्हा कासारांची घरं निजामाच्या मुलखात अशी मूठभर धान्य उधळल्यासारखी पांगलेली, गावात एखाददुसरं. भेट व्हायची लग्नात नाहीतर मातीला. एरवी बातमी यायची ती बाजारच्या माणसांबरोबर, या तोंडातून त्या तोंडात.

मावशी जालन्याला माल न्यायला आली की घर दणाणून जायचं. गिऱ्हाइकाचा हात हातात घेऊन ती पंजा असा काही दाबायची की, अडीच मापाची बांगडी सव्वादोनच्या हातात... छे, उलटं सांगितलं! सव्वादोनची अडीचच्या हातात जायची, आणि बाई हसत असायची. "हात ढिला सोड. नवऱ्यावर रुसून राह्यली काय?" काका, म्हणजे तिचा नवरा, मुलखाचा अबोल. मावशी म्हणायची, "आमच्या माणसाचं बोलणं देवानं मलाच देऊन टाकलं."

एका दुपारी कापसाच्या गाड्या हाकणारे उस्मानभाई दारात थांबले. "आत्याबाई, भोकरदनच्या बाजारात सांगावा मिळाला. केदारखेड्याच्या गोदाबाईच्या सगळ्या बांगड्या वाढल्या म्हणे. तुम्हाला जल्दी बोलावलंय. बस, एवढंच."

आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. "मेलीनं पेटारा पालथा केला वाटतं! पूर्णेच्या वाळूत बैल बिचकला असंल." त्यांना हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं, कारण सणाचा माल म्हणजे वर्षाची भाकरी. त्यांनी हिरव्या चुड्याच्या निवडक माळा काढल्या, गाठोडं बांधलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही बैलगाडीनं निघालो. वाटभर आत्याबाई मावशीच्या वेंधळेपणाच्या गोष्टी सांगत होत्या. मी हसून हसून बेजार झाले.

केदारखेड्यात पोचलो. मावशीचं दार उघडंच होतं. आत्याबाईंनी गाठोडं दोन्ही हातांवर धरलं आणि बाहेरूनच हाळी दिली, "गोदे, अगं डोळे कुठं होते तुझे? सगळा माल वाढवलास? घे, हिरवागार आणलाय. आधी तुझ्याच हातात भर!"

आत बायका बसलेल्या होत्या. एकीनं किंकाळी फोडली. भिंतीशी मावशी होती. कपाळ पांढरं, हात कोपरापर्यंत मोकळे. ते हात मी तसे कधी बघितले नव्हते. आत्याबाईंचे हात तसेच पुढे, गाठोड्यासकट. त्यांना ते खाली घेता येईनात.

"शेवंते," मावशी आत्याबाईंना हळू म्हणाली, "मी सांगावा धाडला न्हवं?"

"बांगड्या वाढल्या म्हणून..."

"मंग?"

काका दोन दिवसांच्या तापानं गेले होते. सांगावा तिनं स्वतः दिला होता, तिच्या शब्दांत. भोकरदनपासून जालन्यापर्यंत कुणीही त्यातला एक शब्द बदलला नव्हता.

आत्याबाई मटकन खाली बसल्या आणि स्वतःच्या तोंडात मारून घ्यायला लागल्या. मावशीनं त्यांचा हात धरला. "तुझ्या तोंडाचा काय दोष? दुसरा शब्द मलाच काढवंना गं." मग तिनं गाठोड्याकडे बघितलं आणि असा टाहो फोडला की बाहेरचे पुरुष धावत आले. सुटलेल्या गाठोड्यातल्या त्या हिरव्या बांगड्या दारातल्या उन्हात चमकत होत्या. देवा, कुणाच्याही वैऱ्याला असं दार दाखवू नये!

त्यानंतर तिनं सवाष्णींच्या हातात बांगड्या भरणं सोडलं. ते काम सुनेकडे गेलं, मावशी नुसत्या माळा ओवायची. बोलणं मात्र पार पालटलं. कुणी आडवळणानं वाईट बातमी सांगायला लागलं की फटकारायची, "नीट सांग. गोड बोलल्यानं मढं झाकत न्हाई." आम्हाला ते ऐकायला कसंसंच व्हायचं. मला तर तिची जुनी ओरड बरी वाटायची.

बरीच वर्षं गेली. मुलखात रझाकारांची धास्ती सुरू व्हायच्या थोडं आधी, एका सकाळी केदारखेड्याहून मावशीचा पुतण्या आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. मी पाणी पुढे केलं, त्यानं घेतलं नाही. आत्याबाई एका नव्या नवरीचा हात धरून बसल्या होत्या, बोटांवर बांगडी अर्धी चढलेली.

"गोदाकाकू मेली," तो म्हणाला. "असंच सांग म्हणली होती. दुसरा शब्द लावू नको म्हणली."

आत्याबाईंनी त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. नवरीचा हात त्यांनी सोडला नाही.

"मेली म्हंजे?" त्यांनी विचारलं. "म्हंजे काय झालं तिला?"