उन्हाळी उमाळा

आमच्या वाडीतल्या एकाच माणसाचं नाव पुण्याच्या जाडजूड अहवालात छापून आलं, ते दुर्गाबाई कचरू शेजुळ यांचं. वाडी जालना जिल्ह्यातल्या धावड्यापासून दीड कोसावर. मी तिथं सतरा वर्षं शाळामास्तर होतो आणि या भानगडीत माझाही हात आहे, हे आधीच सांगून टाकतो.

२००१ साली डॉ. केळुसकर नावाचे भूजलशास्त्रज्ञ जीपमधून आले. विज्ञान आता लोकांच्या हातात गेलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. लोकांचे हात नेमके तेव्हा कपाशीत गुंतलेले होते. सभेला आम्ही चौघं, आणि दुर्गाबाई. त्याही सतरंजी परत न्यायला आलेल्या, कारण सतरंजी त्यांची होती. डॉक्टरांनी चौथी पास दुर्गाबाईंच्या हवाली एक लांबलचक टेप, एक वही आणि एक टोपी केली. दर सोमवारी सकाळी आठला गावविहिरीत टेप सोडायची आणि पाणी कठड्यापासून किती खाली ते लिहायचं. वहीत तीन रकाने होते: तारीख, खोली आणि शेरा.

बाईंनी काम एवढं मनावर घेतलं की सख्ख्या भाच्याच्या हळदीतून उठून विहिरीवर गेल्या. कचरूभाऊ वैतागले. "पानी काय पळून जातंय का?"

"जातंय. म्हनून तर मोजून राह्यले."

२००२ च्या मार्चात विहिरीनं तळ दाखवला आणि टँकर सुरू झाला. आमच्याकडे टँकर थेट घागरीत रिकामा करत नाहीत, डोकी फुटतात. ड्रायव्हर महेमूदभाई पाईप सोडून सगळं पाणी विहिरीत ओततो आणि मग बाया पोहऱ्यानं शेंदतात. भोकरदनपासून परतूरपर्यंत हे शेंबड्या पोरालाही माहीत, म्हणून डॉक्टरांना सांगावं असं कुणाला वाटलं नाही. दुर्गाबाईंनी मात्र शेऱ्यात लिहिलं होतं, 'टँकर ओतला.'

दर महिन्याला वहीतले आकडे छापील तक्त्यावर उतरवून पुण्याला टाकायचं काम माझं. डॉक्टरांचं पत्र आलं, 'कृपया फक्त आकडे पाठवा, शेऱ्यांमुळे संगणकाला अडचण होते.' संगणकाला कशाला त्रास, म्हणून मी शेरे गाळले.

झालं! जिल्ह्यातल्या सगळ्या विहिरी आटत असताना आमची एकटी भर मे महिन्यात दोन फूट चढते, हे डॉक्टरांच्या ध्यानात आलं. त्याला त्यांनी नाव दिलं 'उन्हाळी उमाळा'. त्यावर दोन परिषदांत निबंध वाचला, एक परदेशात. अहवालाची एक प्रत तहसिलीत गेली आणि पुढच्या उन्हाळ्यात आमचा टँकरचा अर्ज तहसीलदार साहेबांनी त्याच प्रतीवर ठेवून परत केला. म्हणाले, "तुमच्या विहिरीला शास्त्रानं पाणी आहे."

विहीर ठणठणीत कोरडी. दुर्गाबाई दर सोमवारी खोलीच्या रकान्यात 'कोरडी' असं लिहीत राहिल्या, मी ते पाठवत राहिलो. पुण्याहून उत्तरादाखल नवी टेप आली. जुनी बहुधा ताणली गेली असावी, असं पत्रात होतं. बाया दोन मैलांवरच्या मळ्यातून पाणी आणू लागल्या. दुर्गाबाईंची सून बेबीनंदा सातव्या महिन्यात तीन-तीन खेपा करायची. वाटेत कुणी सासू-सुनेशी बोलत नसे. "हिच्या वहीनं गावाचं पानी तोडलं," हे मात्र ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणत. मला तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. मी उघडलं नाही.

एप्रिलात जालन्याला दुर्गाबाईंचा सत्कार ठरला, उत्कृष्ट जलनिरीक्षक म्हणून. व्यासपीठावर डॉक्टर आणि त्यांच्या शेजारी तहसीलदार, समोर पहिल्या रांगेत मी. शाल, नारळ, टाळ्या झाल्या. दोन शब्द बोला म्हटल्यावर बाईंनी पिशवीतून वही काढली, चष्मा लावला आणि गेल्या उन्हाळ्याचा फक्त तिसरा रकाना वाचायला सुरुवात केली.

"सहा मे, टँकर ओतला. तेरा मे, टँकर ओतला, पाईप फुटून निम्मं सांडलं. वीस मे, टँकर ओतला. सत्तावीस मे, टँकर आला न्हाई. विहीर कोरडी." मग त्यांनी चष्मा काढला. "डाक्टर सायेब, तुमचा उमाळा महेमूदभाईच्या गाडीत आल्ता. म्या सगळं लिव्हलंय. तुमी वाचलं न्हाई."

डॉक्टरांनी वही मागून घेतली, पानं चाळली आणि विचारलं, "हे शेरे आमच्याकडे का आले नाहीत?" दुर्गाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात मला एवढी लाज कधी वाटली नाही. पण डॉक्टर माणूस सच्चा. तिथंच तहसीलदारांकडून कागद मागून त्यावर 'माझा निष्कर्ष चुकीचा आहे' असं लिहून त्यांनी सही केली.

गुरुवारी टँकर आला. महेमूदभाईनं पाईप उचलला, तोच दुर्गाबाई आडव्या आल्या.

"थांबा. आधी मोजू द्या."

अख्खं गाव रिकाम्या घागरी घेऊन उभं राहिलं. टेप खाली गेली आणि कोरडीच वर आली. बाईंनी खोलीच्या रकान्यात 'कोरडी' लिहिलं आणि वही माझ्यापुढं धरली.

"मास्तर, शेरा तुमी लिव्हा. अन् यंदा पुन्याला धाडा."