बाबांचा गाळलेला आवाज

तारेची किंमत वाचून मी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता. स्पीकरला जोडायची दोन मीटर तार, आणि भाव आमच्या फ्रिजपेक्षा वर! खाली कुणा शहाण्यानं अभिप्राय दिला होता की, ही तार लावल्यापासून गायकानं घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येतो. मी यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो. तारेची वेटोळी रोज माझ्या हाताखालून जातात. तांब्याची तार ती तांब्याची तार, हे मला कुणी शिकवायला नको. पण चार दिवस असलं वाचत बसलं की माणसाला आपल्याच अकलेची शंका यायला लागते.

माझी मागणी केवढी होती? एक गाणं घरात नीट वाजावं. फक्त एक. त्यात बाबांचा आवाज आहे की नाही, हे बाबांना स्वतःच्या कानांनी कळावं. बाबांनी ऐंशी ओलांडली आहे. उजव्या कानाला मोठ्यानं बोलावं लागतं, डावा अजून साथ देतो. तोही गेला की मग कितीही भारी यंत्र आणलं तरी उपयोग शून्य.

हे गाणं काय प्रकरण आहे ते आधी सांगतो. मी लहान असताना आम्ही पांढरकवड्याला राहायचो. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते आणि त्यांची एक गायन पार्टी होती. जयंतीच्या दिवसांत आसपासच्या गावांतून बोलावणी यायची. पार्टीत गळे दोन, बाबांचा आणि त्यांच्या जोडीदाराचा. एक ओळ यानं म्हणायची, दुसरी त्यानं उचलायची. दोघांचं इतकं जमायचं की लोक एकाला जेवायला बोलवायचे तर दुसऱ्याचं ताट आपोआप मांडायचे. अशा या दोघांनी नागपूरच्या एका लहानशा स्टुडिओत जाऊन गाणं रेकॉर्ड केलं. रेकॉर्डिंगवाल्यानं दोघांच्या मध्ये गाद्यांचा आडोसा उभा केला, एकाला एक माइक, दुसऱ्याला दुसरा. काही दिवसांनी त्यानं नमुन्याची एक कॅसेट बाबांच्या हाती दिली. पसंत पडली तर पुढच्या काढू म्हणाला.

त्या संध्याकाळी आमची बैठक पुरुषांनी भरली आणि स्वयंपाकघर बायकांनी. जोडीदार तेवढा नव्हता, तो कुठल्याशा लग्नाला गेला होता. घरात नवा टेप होता, स्पीकरच्या दोन पेट्यांचा. एक पेटी बैठकीत आणि दुसरी, लांब तार ओढून, दारं लोटलेल्या मधल्या खोलीच्या पलीकडे स्वयंपाकघरात. आमच्या मोहल्ल्यात ज्याच्या त्याच्याकडे असंच असायचं. दोन पेट्या दोन खोल्यांसाठी असतात, याबद्दल कुणाच्या मनात शंकाच नव्हती. दोन्ही पेट्या आपल्याच जवळ ठेवून बसणारा माणूस आपमतलबी ठरला असता.

कॅसेट लागली. ढोलकी वाजली, बेंजो वाजला, जोडीदारानं पहिली ओळ म्हटली. नंतर बाबांची ओळ यायची होती. ती आलीच नाही. नुसती ढोलकी चालू राहिली, आणि मागे कुठेतरी शेजारच्या घरातून आल्यासारखी गुणगुण. पुन्हा जोडीदार, पुन्हा मोकळी जागा. शेवटपर्यंत तेच! मी बाबांच्या मांडीला टेकून बसलो होतो. त्यांची मांडी दगडासारखी घट्ट होत गेलेली मला अजून आठवते. गाणं संपल्यावर एकही पुरुष काही बोलला नाही. बाबा उठले, कॅसेट काढली, मागच्या अंगणात जाऊन तिची पट्टी ओढून काढली आणि चुलीत घातली.

दुसऱ्या दिवशी मला सायकलवर मागे बसवून ते चौकात गेले आणि जोडीदाराला भर लोकांत ‘दगाबाज’ म्हणाले. रेकॉर्डिंगवाल्याला फितवून तू माझा आवाज काढून टाकलास, असं त्याच्या तोंडावर म्हणाले. तो शपथा घेत राहिला. बाबांनी सायकल वळवली. वाटेत मला बजावलं, “घरी बोलशीन तर याद राख.” त्यानंतर पार्टी मोडली. त्या माणसाचं नाव आमच्या उंबऱ्याच्या आत निघालं नाही. गल्लीतल्या दोघी-चौघी बायका बाबांना म्हणाल्या, “भाऊजी, काय गोड आला तुमचा आवाज.” बाबांना ते खोचून बोलणं वाटलं, आणि ते आणखीच मिटून गेले. पुढे आम्ही यवतमाळला आलो. जोडीदार दोन वर्षांपूर्वी वारला. त्याच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला आई एकटी एसटीनं जाऊन आली. बाबा बाजेवरून उठलेसुद्धा नाहीत.

आता इतक्या वर्षांनी त्या रेकॉर्डिंगवाल्याच्या मुलाचा फोन आला. वडिलांच्या जुन्या टेपा तो साफ करून कॉम्प्युटरवर उतरवत होता. म्हणाला, “काका, तुमच्या बाबाची मूळ टेप सापडली. हाय रिझोल्यूशनमध्ये उतरवली. सगळं आहे तिच्यात.” सगळं म्हणजे काय, हे विचारायला माझी जीभ उचलली नाही. ‘दुसरा आवाज नाही’ असं तो म्हणाला असता तर? मोबाइलवर फाइल आली, पण मी ती वाजवली नाही. भीती तीच. माझा सगळा भरवसा त्या मागच्या गुणगुणीवर होता. बाबांचा आवाज तिथे पुसट का होईना उरलेला असेल, आणि आवाजाचा कण न् कण दाखवणारं यंत्र मिळालं तर तो वर येईल, असं मी धरून चाललो होतो. पहिल्यांदा ऐकायचं ते चांगल्या यंत्रावर आणि बाबांच्या सोबत, हे ठरवून टाकलं.

आणि मग धक्क्यांची माळच लागली. पहिला धक्का म्हणजे ते एक गाणं माझ्या मोबाइलमधल्या पंधरा-वीस गाण्यांएवढी जागा खाऊन बसलं होतं. दुसरा, की पोराटोरांच्या ब्लूटूथ स्पीकरवर ते पाठवलं तर वाटेतच दाबून लहान केलं जातं. म्हणजे गहू निवडून आणायचे आणि निम्मे वाटेत सांडायचे. तिसरा, की मध्ये एक ‘डॅक’ नावाची डबी लागते. फाइलमध्ये नुसते आकडे असतात, त्यांचा पुन्हा आवाज करायचं काम ही डबी करते. मग तो आवाज मोठा करायला अॅम्प्लिफायर, आणि शेवटी स्पीकर. या प्रत्येकाच्या किमती बघून माझे डोळे पांढरे झाले. स्पीकरच्या एका जोडीत आमच्या साहेबांची गाडी आली असती. असल्या वस्तू घेणारे लोक गाणं कधी ऐकतात की नुसते बिलाकडे बघत बसतात, देव जाणे.

यवतमाळच्या दुकानात गेलो तर तिथे वेगळीच तऱ्हा. दुकानदारानं माझ्या कमरेएवढा स्पीकर पुढे ओढला. त्यात लाल-निळे दिवे गरगर फिरत होते.

“लग्नाले पाह्यजे का जयंतीले?” त्यानं विचारलं.

“घरी. एक गाणं ऐकाचं आहे.”

“एका गाण्यासाठी?” त्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं. मग मागच्या फळीवरून धूळ खात पडलेली लाकडी पेट्यांची एक जोडी काढली. “हे पाहा. आवाज चांगला आहे, पण लाइटा नाहीत. कोणी घेऊनच नाही राह्यलं.”

मी घेतली. दोन्ही पेट्या मिळून त्या दिवेवाल्याच्या निम्म्यात आल्या. चांगली वस्तू स्वस्त का, याचं कारण ‘लाइटा नाहीत’, हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना. डॅक पोटातच असलेला एक वहीएवढा अॅम्प्लिफायर ऑनलाइन मिळाला. मोबाइल त्याला सरळ तारेनं जोडायचा, मध्ये ब्लूटूथची भानगड नाही. स्पीकरची तार त्याच्या डब्यातच फुकट आलेली होती, हात-दीड हात लांब. महागडी तार मी कंपनीला तिच्याच घरी ठेवायला सांगितली, अर्थात मनातल्या मनात.

रविवारी दुपारी मांडामांड केली. बाबा खुर्चीत बसून बघत होते. कोणतं गाणं ते मी सांगितलं होतं. त्यावर ते इतकंच म्हणाले होते, “कायले उकरून राह्यला?” पण सकाळीच दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसले होते.

“एक पेटी आत लाव,” ते म्हणाले. “तुही माय कशी ऐकन?”

“तार पुरत नाही बाबा.”

“एवढा पैसा घातला अन तार नाही पुरत?”

आतून आई ओरडली, “राहू द्या. दोन भाकरी झाल्या की येते मी तिथंच.”

तेव्हा दोन्ही पेट्या बैठकीतच राहिल्या, एक दाराशी आणि एक खिडकीशी. मी बोट टेकवलं. ढोलकी वाजली आणि मी दचकलो, इतकी ती खोलीतच वाजत होती. बेंजो आला. मग दाराशी जोडीदार गायला. बाबांनी डोळे मिटले, जबडा आवळला. पुढे काय येणार नाही ते त्यांना पाठ होतं.

आणि खिडकीशी बाबा गायले.

तिशीतला, भरलेला, खणखणीत गळा. गुणगुण नव्हती, पुसट नव्हता. सबंध ओळ! बाबांनी मान झटकन खिडकीकडे वळवली, बाहेरून कुणी हाक मारावी तशी. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. पहिला विचार काय आला असेल? मी मनात त्या डॅकच्या डबीला हात जोडले. वाटलं, काय यंत्र आहे, पुसलेला आवाज परत आणला.

एवढ्यात आई पिठाच्या हातानं दारात आली. तिचा चेहरा उजळलेला होता.

“असाच!” ती बाबांना म्हणाली. “त्या दिवशी आत अस्साच आलता तुमचा आवाज.”

“कोन्त्या दिवशी?” बाबांनी विचारलं.

तेवढ्यात जोडीदाराची ओळ आली, आणि आई दाराच्या पेटीकडे बघतच राहिली. “हा कोण? हा तर त्यायचाच आवाज. त्यायचा तर कापला होता ना?”

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला, आणि तो न पडता तर बरं झालं असतं. मी गाणं पुन्हा सुरुवातीपासून लावलं आणि खिडकीच्या पेटीची तार काढली. ढोलकी, जोडीदार, मोकळी जागा, मागे गुणगुण. लहानपणीची ती संध्याकाळ जशीच्या तशी. मग ती तार लावून दाराच्या पेटीची काढली. ढोलकी, मोकळी जागा, आणि बाबा. नुसते बाबा. रेकॉर्डिंगवाल्यानं एक गळा डाव्या पेटीत ठेवला होता, एक उजव्या. आणि आम्ही, कुणी आपमतलबी म्हणू नये म्हणून, त्यातला अर्धा स्वयंपाकघरात नेऊन ठेवला होता. कुणीही काहीही गाळलं नव्हतं. गुणगुण म्हणजे आडोशावरून या माइकमध्ये सांडलेला त्या माइकपुढचा आवाज.

मी समजावून सांगत होतो, पण बाबा माझ्याकडे बघत नव्हते.

“मी त्याले दगाबाज म्हणलो,” ते म्हणाले. “चौकात. मानसाइच्या समोर.”

“काय म्हणले?” आईनं विचारलं. तिला यातलं काही माहीतच नव्हतं. ती हळूहळू बाजेवर टेकली. “मी समजत होती, त्यायचा आवाज कापला म्हणून तुमाले लाज वाटली. जोडीदाराशिवाय आपलं गाणं नको म्हणून कॅसेट चुलीत घातली, गाणं सोडलं, असं समजत होती मी. एवढं मोठं मन माह्या मानसाचं, असं वाटे मले.”

बाबांनी मान दाराच्या पेटीकडे वळवली.

मला पहिल्यांदा आईची भीती वाटली. ती रडत नव्हती. पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवून बाबांकडे बघत होती, आणि तिचा संसार मागच्या टोकापासून पुन्हा मोजला जातोय, हे मला दिसत होतं.

“ते गेले तेव्हा मी त्यायच्या बायकोले भेटाले गेलती,” ती म्हणाली. “तिनं विचारलं, भाऊजी काहून नाही आले? मी तिले जवळ घेऊन म्हणली, बाई, ते रागानं नाही, शरमेनं येत नाहीत. तुह्या मानसावर अन्याव झाला, तो त्यायले सोसत नाही.” आईनं हातावरचं पीठ झाडलं. “तिनं माह्याकडं पाह्यलं फक्त. तिले सगळं माहीत होतं ना. चौकातलं तिच्या मानसानं तिले सांगितलं असन ना. अन तरी तिनं मले चहा करून देल्ला.”

गाणं चालूच होतं. बंद करायचं माझ्या हातात होतं आणि बोट उचलत नव्हतं. दाराची तार मी कधी परत जोडली तेही आठवत नाही, पण आता दोघं एकत्र गात होते, शेवटचा अंतरा.

“उद्या जाऊ पांढरकवड्याले,” बाबा कसंबसं बोलले. “आपण दोघं जाऊ.”

“तुमी जा,” आई म्हणाली. “एकटे जा. मी तिले तुमच्याबद्दल जे सांगून आली, ते खोटं होतं म्हणून तुमच्या तोंडानं सांगा तिले.”

आणि ती उठून भाकरी थापायला आत गेली.