बळीरामचा क्लीन मोड

“आलं बघा, मॅडम,” बळीराम म्हणाला आणि त्यानं तारांवरचा हात उचलला.

मला तर काहीच ऐकू आलं नव्हतं. स्पीकरमधून गिटारचा चांगला, मोकळा आवाज येत होता.

“काय आलं?”

“दाणा. आवाजात बारीक दाणा यायलाय. बटन क्लीनवरच हाय न्हवं?”

मी वाकून पाहिलं. बटण क्लीनवरच होतं.

बळीराम सास्तूरचा. जन्मापासून त्याला दिसत नाही. अंधशाळेत गिटार शिकला आणि आता जिल्ह्यातल्या एका ऑर्केस्ट्रात वाजवतो. त्याची बायको सुनंदा त्याला, गिटारला आणि एका जड लोखंडी डब्याला सांभाळत एसटीनं धाराशिवला माझ्याकडं आली होती. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. रिटायर झाल्यावर घराच्या पुढच्या खोलीत दुरुस्तीचं टेबल मांडलं. येतात ते इन्व्हर्टर आणि भजनी मंडळांचे अ‍ॅम्प्लिफायर. ट्यूबचा प्रीअ‍ॅम्प माझ्या टेबलावर कित्येक वर्षांनी आला होता.

प्रीअ‍ॅम्प म्हणजे गिटारमधून येणारा अगदी बारीक सिग्नल मोठा करून पुढं पाठवणारा डबा. ट्यूब म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या त्या काचेच्या नळ्या. आत एक तार तापते, मंद नारिंगी दिसते, आणि त्या उष्णतेवर सगळा कारभार चालतो. या डब्यावर आवाजाचे तीन मोड होते. क्लीन म्हणजे स्वच्छ, क्रंच म्हणजे थोडा खरखरीत, लीड म्हणजे पूर्ण फाटलेला आणि लांबत जाणारा. बळीरामची तक्रार अशी, की क्लीनवर वाजवायला घेतलं की थोड्या वेळानं आवाज हळूहळू क्रंचकडं सरकतो. आपोआप.

तेवढ्यात ऑर्केस्ट्राचे मालक रावसाहेब यांचा फोन आला. हातात मीटर होता, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला.

“मॅडम, डब्यात काही नसंल तर तसं सरळ सांगा त्याला. आम्हाला कुणालाच तो दाणा ऐकू येत न्हाय. मागच्या कार्यक्रमात गाणं चालू असताना हा बटनं फिरवत बसला. गाणारी बाई गडबडली.”

“तपासतेय अजून.”

“तपासा की. तुळजापूरच्या कार्यक्रमापर्यंत झालं तर ठीक. नसता कीबोर्डवालाच गिटारचे तुकडे वाजवतो म्हणालाय.”

फोन बंद झाला. सुनंदा खिडकीबाहेर बघत राहिली. बळीराम म्हणाला, “मला भास न्हाय होत, मॅडम.”

मी त्याच्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं. तेव्हा माझ्याकडं दुसरा काही पुरावाही नव्हता.

पहिला संशय ट्यूबवर. जुन्या सामानातून एक ट्यूब काढून बदलून पाहिली. फरक नाही. व्होल्टेज मोजले, सगळे जागेवर. मोडचं बटण साफ केलं, तेही नीट होतं. मग कव्हर पूर्ण काढून डबा खिडकीपाशी उजेडात घेतला, चालू केला आणि बळीरामला वाजवायला सांगितलं.

या वेळी तो दाणा मलाही ऐकू आला. सुरुवातीपासूनच, आणि चांगला जाड.

“कव्हर काढलं तर वाढलं,” मी म्हणाले. बाहेरच्या विजेच्या तारांचा त्रास आत शिरत असेल असं वाटलं. आतली जोडणी बघायला मी डब्यावर वाकले.

“आता झालं बघा नीट,” बळीराम म्हणाला.

मी सरळ झाले.

“बिघडलं परत.”

मी पुन्हा वाकले.

“आलं जाग्यावर. काय फिरवलंत, मॅडम?”

मी काहीच फिरवलं नव्हतं. अशा डब्यात शंभर व्होल्टच्या कितीतरी वर वीज असते, म्हणून माझा एक हात पाठीमागं होता आणि दुसरा टेबलावर. मी फक्त वाकत होते. खिडकीतला उजेड माझ्या डोक्यानं अडत होता, आणि डब्यावर सावली पडत होती.

म्हणजे प्रश्न उजेडाचा होता.

या डब्यात मोडचं बटण आवाजाला थेट हात लावत नाही. बटण क्रंचवर नेलं की आत एक बारीक दिवा लागतो, क्लीनवर तो विझलेला असतो. त्याच्यासमोर एक पार्ट असतो, एलडीआर. उजेड पडला की तो वीज जाऊ देतो, अंधारात अडवतो. म्हणजे उजेड हाच स्विच. दिवा आणि एलडीआर काळ्या वेष्टनात बंद असतात, बाहेरचा उजेड लागू नये म्हणून. आधीच्या कुणा मालकानं इथला मूळ पार्ट बदलून घरगुती जोड केली होती, वर काळी प्लॅस्टिकची नळी चढवलेली. भिंग लावून पाहिलं तर नळीला उभी चीर.

पण एक गोष्ट जुळत नव्हती. स्टेजवर कव्हर लावलेलं असतं. बंद डब्यात उजेड कुठून येणार?

मी खिडकी लावली, जाड पडदा ओढला. खोलीत अंधार झाला. बळीरामला म्हटलं, वाजवत राहा. आवाज स्वच्छ होता. डबा तापत गेला. अंधारात मला फक्त ट्यूबची नारिंगी तार दिसत होती, आणि तिच्या अगदी शेजारी ती काळी नळी.

“यायला लागलं,” बळीराम म्हणाला.

उष्णतेनं नळीची चीर उघडत होती, आणि ट्यूबचा उजेड आत शिरत होता. मी पुठ्ठ्याचा तुकडा ट्यूब आणि नळीच्या मधे धरला.

“साफ!”

काढला.

“आला दाणा.”

ट्यूब आवाज मोठा करत होती आणि त्याच वेळी स्वतःच्या उजेडानं तो बदलतही होती. इतकी वर्षं मुलांना फळ्यावर एलडीआर शिकवला. पण एवढ्याशा निखाऱ्याइतक्या उजेडाची चाहूल कुणी कानानं घेताना मी पाहिलं नव्हतं.

मी पडदा उघडला आणि बळीरामला सगळं समजावलं.

“म्हंजे मी ऐकत होतो तो उजेड व्हय?”

“हो. उजेडानं बदललेला आवाज.”

“लगेच दुरुस्त करू नका, मॅडम. जरा वाजवू द्या.”

त्यानं एक लांब सूर छेडला. मी खिडकीसमोर हात धरला, काढला. तो सांगत गेला. “आता अंधार. आता उजेड. आता अर्धाच.” एकदाही चुकला नाही. ढग आला तेव्हा मला कळायच्या आत त्यानं मान वर केली.

सुनंदा पाण्याचा तांब्या ठेवायला उठली आणि खिडकीपुढून गेली. सूर क्षणभर निवळला आणि पुन्हा दाटला.

“सुनंदा, तू गेलीस का आत्ता?”

“व्हय. कसं कळलं?”

“पुन्हा जा की एकदा.”

ती लाजली, माझ्याकडं पाहिलं. मग पदर सावरून हळूहळू खिडकीपुढून चालत गेली. बळीराम तार धरून ऐकत होता. ती परत आली, पुन्हा गेली. मी भिंगाची काच उगाचच पुसत राहिले.

शेवटी बळीरामनंच गिटार खाली ठेवली. “करा आता बंद ती चीर. स्टेजवर आवाज साफच पायजे.”

नवा सीलबंद पार्ट मागवला. तो ट्यूबपासून लांब बसवला, कव्हर लावलं आणि डबा चांगला तापेपर्यंत त्याच्याकडून वाजवून घेतला. क्लीन हा क्लीनच राहिला.

तुळजापूरच्या कार्यक्रमाला मी मागच्या रांगेत बसून होते. बळीरामनं बटणाला हात लावला तो फक्त गाण्यात मोड बदलायचा होता तेव्हा. कार्यक्रम संपल्यावर रावसाहेब मला म्हणाले, “आज आवाज मोकळा लागला, न्हाय?” म्हणजे त्यांनाही आधीपासून काहीतरी ऐकू येत होतं, फक्त काय ते सांगता येत नव्हतं. ऑर्केस्ट्रातली गिटार बळीरामकडंच राहिली.

दुरुस्ती करणाऱ्यांसाठी एवढंच सांगेन. उघडा डबा आणि बंद डबा हे दोन वेगळे डबे असतात. गिऱ्हाइकाची तक्रार बंद डब्याची असते, आणि आपण तपासत असतो उघडा.